सॉरी म्हणजे नेमकं काय?

वडील गेले त्याच्या चौथ्या दिवशी परदेशातल्या एका सहकारी बाईंचा फोन आला. ‘आय ॲम सो सॉरी’ एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. माझ्या तोंडून पटकन गेलं, ‘इट्स नॉट युअर फॉल्ट.’ पलीकडे शांतता. ती शांतता कितीतरी दिवस माझ्या कानात होती.

लहानपणी आपल्याला सॉरी शिकवतात ते चुकीला चिकटवूनच. पाय लागला, सॉरी म्हण. सांडलं, सॉरी म्हण. मग सॉरी म्हणजे गुन्हा कबूल, हे मनात इतकं पक्कं बसतं की कुणी आपल्या दुःखात सॉरी म्हटलं तर काय बोलावं ते सुचत नाही.

शब्दाचं मूळ बघितलं तेव्हा मला त्या फोनचा अर्थ लागला. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे दुखणं, जखम. आज घसा दुखला की ‘सोअर थ्रोट’ म्हणतात, त्यातला सोअर तो हाच. त्यावरून विशेषण झालं ‘सारिग’, म्हणजे ज्याला दुखतंय असा. तेच बदलत बदलत सॉरी झालं. ‘सॉरो’ म्हणजे दुःख, त्यातूनच सॉरी निघालं असणार असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. पण सॉरोचं घराणंच निराळं, ते ‘सोर्ग’ या शब्दातून आलं. दोघं शेजारी राहून एकमेकांसारखे दिसायला लागले, इतकंच.

जर्मनमध्ये या ‘सार’चा सख्खा भाऊ आहे, ‘झेअर’. आज त्याचा अर्थ नुसता ‘खूप’. एके काळी तो ‘दुखेल इतकं’ असा होता. आपण नाही का ‘भयंकर आवडलं’ म्हणतो, आणि त्यात भय कुठेच नसतं! तसंच.

म्हणजे ‘आय ॲम सॉरी’ हे वाक्य ‘मी दमलेय’च्या जातीचं आहे. स्वतःची अवस्था सांगणारं. मला दुखतंय. त्या बाई मला तेवढंच सांगत होत्या.

आता ‘अपॉलॉजी’ बघा. ग्रीक ‘आपोलोगिया’ म्हणजे आरोपाला उत्तर म्हणून केलेलं बचावाचं भाषण. इसवी सनपूर्व 399मध्ये सॉक्रेटिसने अथेन्सच्या न्यायालयात जे भाषण केलं, ते प्लेटोने याच नावाने लिहिलं. त्यात माफी नाही, तो आपली बाजू मांडतो. मला वाटतं, आपण ‘सॉरी, पण...’ म्हणतो ना, त्या ‘पण’नंतर आपोलोगियाच सुरू होतो. दुखणं बाजूला राहतं आणि खटला उभा राहतो. सॉरी म्हटलं की गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, ही भीती इतकी खरी आहे की कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने 2009 साली कायदाच केला: दिलगिरी व्यक्त केली म्हणून दोष कबूल केला असं धरायचं नाही.

आणि हो, दिलगिरी! हा शब्द मला सॉरीपेक्षाही आवडतो. फारसीत ‘दिल’ म्हणजे काळीज आणि ‘गीर’ म्हणजे धरणारं, पकडणारं. दिलगीर म्हणजे ज्याचं काळीज आवळून आलंय असा. क्षमा आणि माफी आपण ‘मागतो’, म्हणजे सोसायचं काम समोरच्याच्या गळ्यात घालतो. (क्षम् या धातूचा अर्थच सोसणं.) दिलगीर माणूस काहीच मागत नाही. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ अशा पाट्यांवर लिहून लिहून आपण हा शब्द पार गुळगुळीत केला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परवा एका जुन्या मैत्रिणीला लिहायला बसले. तिच्या आजारपणात मी एकदाही गेले नव्हते. ‘सॉरी गं, पण तेव्हा माझ्याकडेही...’ असं करत अकरा ओळी झाल्या. वाचलं. ‘पण’पासून पुढचं सगळं खोडलं. दोन शब्द उरले, ते पाठवले.