हळदीने रक्तवाहिन्या थांबवण्याच्या खात्रीशीर युक्त्या

सांगलीच्या बाजारात हळद येते, त्यामुळे सांगलीतल्या कुठल्याही महाविद्यालयात कॅन्सर बरा होऊ शकतो. परवा एका ठिकाणी पोस्टर तपासायला गेलो होतो. कॅन्सरच्या गाठीकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या हळदीने रोखल्याची पोस्टरं ओळीने लावलेली. प्रयोग असा: कोंबडीच्या गर्भ असलेल्या अंड्याच्या कवचाला खिडकी पाडायची, आत हळद घालायची आणि पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मोजायच्या. तुम्हालाही पुढच्या वर्षी बक्षीस हवं असेल, तर ऐका.

अंडी किराणा दुकानातून आणा. त्यात गर्भ नसतो, म्हणजे रक्तवाहिनी दिसण्याची भीतीच नाही.

हॅचरीची आणलीच, तर खिडकी पाडताना कवचाची भुकटी आतल्या पडद्यावर पडू द्या. तिच्याने तिथे सूज येते आणि वाहिन्या गोळा होतात. अशी भुकटी बिनहळदीच्या अंड्यातच पडली, की फरक हळदीच्या नावावर लिहा.

मॅट्रिजेल, म्हणजे अशा प्रयोगांत वापरतात ते जेल, थंडीत पातळ आणि उबेत घट्ट होतं. शुक्रवारी आलेलं पार्सल म्हणूनच सोमवारपर्यंत शिपायाच्या टेबलावर असावं.

आता कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली बिनहळदीची अंडी. हळदीतलं मुख्य द्रव्य कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तुम्ही ते डीएमएसओ नावाच्या द्रावकात घालता. छान. मग कंट्रोलच्या अंड्यात काय घालाल? पाणी! म्हणजे वाहिन्या हळदीने कमी झाल्या की डीएमएसओने, हे देवालाही कळू नये. मात्रा सढळ ठेवा. गर्भ मेला की वाहिन्या आपोआप जातात. "गर्भ जिवंत होता का रे?" विचारलं, तर पोरगा म्हणतो, "ते नाही बघितलं सर, वाहिन्या बघितल्या." मोजल्या कोणी? त्यानेच, अंड्यावरचं लेबल वाचून! कंट्रोलमधली केसाएवढी फांदी मोजली, हळदीच्या अंड्यात तशीच दाखवली, तर "ती सुरकुती आहे सर." वर संयोजक कानाशी, "सर, जरा सांभाळून घ्या, पोरांनी मेहनत घेतलीय."

मेहनत! फोकमन या अमेरिकन सर्जनने १९७१ साली कल्पना मांडली की गाठ वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात. त्या कल्पनेवरचं बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत कॅन्सरसाठी मंजूर झालं २००४ साली. मध्ये तेहतीस वर्षं गेली. तुम्हाला एक सेमिस्टर पुरलं.

पोरांना काय बोलायचं, त्यांना हेच शिकवलंय. मी गाईड म्हणवणाऱ्यांना बोलतोय. तुमचं पोस्टर पेपरात 'कॅन्सरवर हळद' म्हणून छापून येतं, कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आणि कुणीतरी आईची केमो थांबवून कॅप्सूल सुरू करतं. लाज वाटू द्या जरा. हळद अंड्यात टाकणं आणि माणसाने गिळणं यात फरक आहे. तोंडावाटे घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारसं पोचतच नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी पोस्टरवर एक ओळ लिहिवत नाही. कंट्रोलला तेवढंच डीएमएसओ घाला. गर्भ जिवंत आहे का ते आधी बघा. अंड्यांवर नुसते आकडे टाका आणि शेजारच्या विभागातल्या कुणाला मोजायला बसवा. एवढ्याला ग्रँट लागत नाही, एक चहा लागतो.