लांब नळी म्हणजे पक्का नेम? नाही

रत्नागिरीत नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना कुणीतरी सांगतंय, की रायफलीची नळी जितकी लांब तितका नेम पक्का, आणि तिच्यावरची दुर्बीण लक्ष्य जास्तीत जास्त पट मोठं दाखवणारीच घ्या. दोन्ही चूक. लांबीने गोळीचा वेग वाढतो, अचूकता नव्हे. पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफलीत तर साधारण १६ ते १९ इंचांनंतर वेगही फारसा वाढत नाही. बारीक लांब नळी उलट जास्त थरथरते.

५० मीटरच्या ऑलिंपिक प्रकारात दुर्बीण चालतच नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्य मिळवलं ते पीप साइटवर, म्हणजे बारीक भोकातून नेम धरून! लांब पल्ल्यालाही फार मोठी पट घेतली, तर एप्रिलच्या उन्हात कातळावरची झळ लक्ष्यासकट नाचताना दिसते. कृपा करून लांब नळी आणि मोठ्या दुर्बिणीसाठी कर्ज काढू नका. आहे तीच नळी रोज तेलाने पुसा, खाऱ्या हवेत गंज फार लवकर धरतो.