डायनामो तपासायला चालू गाडीची बॅटरी काढू नका

जुना कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी, चार्ज होत नसेल किंवा सेल्फ उचलत नसेल तर काय करायचं, यावर एक संदेश मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. त्याचा आशय असा: गाडी चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, इंजिन बंद पडलं तर डायनामो गेला, चालू राहिलं तर डायनामो चांगला. सेल्फने नुसतं 'टक्' केलं तर बॅटरी संपली, जास्त अँपिअरची टाका. मुक्कामी बॅटरी उतरली तर अर्धा तास इंजिन आयडलला ठेवा. आणि इंजिनची बॅटरी व आतल्या दिव्या-पंख्यांची बॅटरी जाड वायरीने कायमची जोडून टाका. चारही सल्ले चुकीचे आहेत, आणि पहिला तर चांगल्या गाडीची नासाडी करणारा आहे.

आपल्याकडे जुना मोटरहोम म्हणजे बहुधा टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेला. बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ही गाडी 1987 मध्ये आणली, आणि तिच्या जुन्या मॉडेलांत मर्सिडीजच्या ओएम 616 घराण्यातलं डिझेल इंजिन असतं. डिझेलचा पंप पूर्णपणे यांत्रिक. एकदा सुरू झालं की या इंजिनाला चालू राहायला वीज लागतच नाही. डायनामो मेलेला असो, बॅटरी काढून बाजूला ठेवलेली असो, ते आपलं धडधडत राहतं. संदेशातली परीक्षा अशा गाडीवर केली तर जळका डायनामोही पास होतो. बंद करायला विजेचा स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे डिझेल तोडणारा विजेचा खटका, बसवलेला असेल तर निकाल वेगळा येईल, पण दोष कुठे आहे हे तेव्हाही कळणार नाही.

आता नुकसान कशामुळे होतं ते. डायनामो वीज देत असताना बॅटरी अचानक सुटली तर त्या विजेला जायला जागा उरत नाही. रोटरमधलं, म्हणजे आत फिरणाऱ्या भागातलं, चुंबकत्व एका क्षणात कमी होत नाही, त्यामुळे 14 व्होल्टच्या वायरिंगमध्ये सेकंदाच्या काही दशांश काळापुरता व्होल्टेज शंभराच्या आसपास चढू शकतो. त्यात डायनामोचे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जातात, व्होल्टेज आवरणारा आयसी रेग्युलेटर जातो, आत बसवलेला इन्व्हर्टर आणि एलईडी दिवेही जातात. ओम्नीवर केलेल्या छोट्या कॅम्परमध्ये इंजिनचा कंट्रोल युनिट असेल तर तोही धोक्यात येतो. पूर्वीच्या डीसी डायनामोच्या जमान्यात ही युक्ती खपून जायची. आपण अजून 'डायनामो' म्हणतो, पण आत अल्टरनेटर आहे: तो एसी वीज बनवतो आणि डायोड तिची डीसी करतात.

खरी तपासणी मल्टिमीटरने होते. इंजिन बंद करून गाडी चार-पाच तास उभी राहू द्या. बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर 12.6 व्होल्टच्या वर आलं तर बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12.0 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन सुरू करून जरा रेस द्या. 13.8 ते 14.4 दिसायला हवं. 13.2 च्या खाली राहिलं तर चार्जिंग नाही, 14.8 च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला आणि बॅटरीचं पाणी उकळतं आहे. तोच मीटर एसीवर लावून डायनामोच्या जाड बोल्टवर बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी आला तर एखादा डायोड उडाला आहे.

चार्जिंग नाही असं दिसलं तरी डायनामो उतरवायची घाई नको. आधी फॅन बेल्ट बघा: अंगठ्याने दाबला की साधारण 10 मिलिमीटर दबावा, कडा काचेसारख्या चकाकत नसाव्यात. मग डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा. या जुन्या अल्टरनेटरांना सुरुवातीची वीज त्या दिव्यातूनच मिळते. दोन-तीन वॉटचा हा बल्ब उडाला तर डायनामो जागाच होत नाही, किंवा गाडी खूप रेस केल्यावरच होतो. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, दिवा लागला पाहिजे. लागत नसेल तर डायनामोच्या मागची, त्या दिव्याकडून येणारी बारीक डी प्लसची (D+) वायर काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवा. दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक आहेत, दोष कार्बनमध्ये (फिरत्या रोटरला घासून वीज पोचवणाऱ्या तुकड्यांमध्ये) किंवा रोटरमध्ये आहे. कार्बन 5 मिलिमीटरच्या खाली झिजले असतील तर बदला. दिवा नाहीच लागला तर बल्ब, फ्यूज किंवा मधली वायर. दोन कार्बन किंवा एक बल्ब एवढ्यावर भागणाऱ्या कामासाठी पूर्ण डायनामो बदलला जातो, हे फार वाईट वाटतं.

दुसरा मुद्दा 'टक्'चा. इथे संदेश सगळ्यात जास्त लोकांचे पैसे वाया घालवतो. सेल्फ सुरुवातीला दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. वाटेत कुठे 0.01 ओहम एवढाच अडथळा आला, तरी 250 अँपिअरला अडीच व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि सेल्फला जेमतेम आठ उरतात. बॅटरी दुप्पट मोठी केली तरी तो अडथळा जागच्या जागी राहतो.

आवाज नीट ऐका. 'टकटकटक' असं भराभर वाजत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच जोरकस 'टक्' आला आणि आतला दिवा मंद झाला नाही, तर सेल्फपर्यंत करंटच जात नाही: सोलेनॉइडचे (सेल्फवर बसवलेल्या विजेच्या मोठ्या स्विचचे) आतले तांब्याचे पॉइंट जळले आहेत किंवा सेल्फचे कार्बन संपले आहेत. दिवा विझल्यागत झाला तर बॅटरी, टर्मिनल किंवा अडकलेला सेल्फ. काहीच वाजलं नाही तर चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडची बारीक वायर.

मग मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंजिन बंद करायचा स्टॉप ओढून धरा आणि कुणाला तरी चावी मारायला सांगा. दर वेळी पाच सेकंद पुरेत, मध्ये अर्धा मिनिट सेल्फला थंड होऊ द्या. पहिलं माप बॅटरीच्या दोन खुंट्यांवर, क्लॅम्पवर नव्हे. ते 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर आहे, तिला चार्ज करून पुन्हा मोजा. दुसरं माप पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत: अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. तिसरं निगेटिव्ह खुंटीपासून थेट इंजिन ब्लॉकपर्यंत: 0.3 च्या आत. चौथं सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये: तेही 0.3 च्या आत. जिथे आकडा मोठा, तिथेच दोष.

कॅम्परमध्ये हा आकडा बहुतेक वेळा तिसऱ्या मापात सापडतो. बॉडी बांधताना बॅटरी सीटखाली किंवा मागे सरकवलेली असते, वायर लांबते, अर्थिंग रंगवलेल्या पत्र्यावर एका स्क्रूने धरलेलं असतं. क्लचचं काम झाल्यावर गिअरबॉक्स आणि चेसिसमधली अर्थची वेणी परत लावायची राहून जाते. मग सेल्फचा करंट क्लच-ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल गरम होते. किनारपट्टीवर फिरलेल्या गाडीत लगजवळचं, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळचं, रबर फुगलेलं दिसतं. ते ब्लेडने उभं चिरलं की आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी मिळते. वरून वायर धडधाकट, आत चार-दोन तारा शिल्लक. अशी वायर साफ करण्यात अर्थ नाही, नव्या लगसह बदला. टर्मिनलवरची पांढरी बुरशी मात्र एक चमचा खायचा सोडा कपभर पाण्यात घालून निघते. निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा, घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली.

सेल्फ जोरात फिरतो पण महाबळेश्वरच्या पहाटे इंजिन धरत नाही, ही तक्रारही बॅटरीच्या खात्यावर टाकली जाते. ती हीटर प्लगची (थंड इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगची) किंवा डिझेलमध्ये हवा शिरल्याची असते.

तिसरा, अर्धा तास आयडलिंगचा. 100 अँपिअर-तासाची बॅटरी अर्धी उतरली तर 50 अँपिअर-तास आणि वर थोडं परत भरायचं असतं. आयडलला डायनामो आपल्या क्षमतेचा थोडाच भाग देतो. त्यातून हेडलाइटचे नऊ अँपिअर आणि फ्रिजचे चार-पाच गेले की बॅटरीच्या वाट्याला दहा-पंधरा आले तरी खूप. अर्ध्या तासात पाच-सात अँपिअर-तास. सेल्फ एकदा मारता येईल, बॅटरी भरणार नाही. शेवटचा पाचवा हिस्सा तर बॅटरी हळूहळूच घेते. तो घरच्या चार्जरवर रात्रभर भरणंच बरं.

उलट ती उतरली कशाने हे शोधा. सगळं बंद करा, निगेटिव्ह खुंटी आणि तिची सोडवलेली वायर यांच्या मध्ये मीटर 10 अँपिअरवर लावा, सेल्फ मारू नका. 50 मिलिअँपिअरपर्यंत चालतं. 300 निघाले तर दिवसाला 7 अँपिअर-तासांहून जास्त जातात, आणि 80 ची बॅटरी आठवडाभरात अर्ध्यावर येते. एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की चोर सापडला. फ्यूज संपले तरी पडत नसेल तर डायनामोची जाड वायर काढून बघा, पण त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह पूर्ण सोडवा. रात्रभर उभ्या गाडीचा डायनामो हाताला कोमट लागला तर डायोड गळतो आहे.

चौथा सल्ला, दोन्ही बॅटऱ्या कायमच्या जोडण्याचा. रात्री पंखा आणि फ्रिज दोन्ही उतरवतील आणि सकाळी सेल्फलाही काही उरणार नाही, ज्यासाठी वेगळी बॅटरी घेतली तेच गेलं. मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले लावा, साधारण 13.3 ला जोडणारा आणि 12.8 ला तोडणारा. दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा डायोडवाला आयसोलेटर अर्धा-पाऊण व्होल्ट खातो, त्यामुळे बॅटरी कधीच पुरती भरत नाही. आत लिथियम असेल तर रिलेही नको. ती बॅटरी डायनामोकडून मिळेल तेवढा करंट ओढते, आणि आयडलला पंखा हळू फिरत असल्याने डायनामो तापून जळतो. तिथे करंटला मर्यादा घालणारा 20 किंवा 30 अँपिअरचा डीसी टू डीसी चार्जर हवा. दोन बॅटऱ्यांमधल्या वायरीच्या दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, फ्यूज लावा. एकाच टोकाला लावला तर मध्ये कुठे वायर घासून बॉडीला टेकल्यावर दुसरी बॅटरी ती जाळत राहते.