अभयारण्याला कुंपण घालून भागणार नाही

विदर्भातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर सध्या फिरतो आहे: वाघांना अभयारण्य दिलेले आहेच, त्याला चारी बाजूंनी कुंपण घाला आणि बाहेरचे झुडपी जंगल (खुरट्या झुडपांची जमीन) व नाल्याकाठचा झाडोरा साफ करा, म्हणजे वाघही वाचेल आणि शेतकरीही. यामागची भीती खरी आहे. उपाय मात्र टिकणारा नाही.

अभयारण्य वाघाला पुरते, हे पहिले गृहीत. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य जेमतेम 148 चौरस किलोमीटरचे आहे. दोन वर्षांच्या आसपास नर बछडा आईचे क्षेत्र सोडून स्वतःची जागा शोधू लागतो, आणि ती आत मिळेलच असे नसते. 2019 मध्ये तिथून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक नर तेलंगणातून फिरून अखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची एकूण चाल सुमारे 3,000 किलोमीटर भरली. अशा वाटा बुजल्या की आत झुंजी वाढतात आणि पुढे जवळच्या नात्यात प्रजनन होऊ लागते. ओडिशातील सिमिलीपाल व्याघ्र प्रकल्पातले काळपट वाघ हे अशाच एकाकीपणाचे लक्षण मानले जाते.

साफसफाईची सूचना तर शेतकऱ्याच्याच मुळावर येणारी आहे. दिवसा आडोशाला बसणारा आणि रात्री नाल्याच्या कडेने सरकणारा वाघ झाडोरा तोडल्याने थांबत नाही. तो उभ्या तुरीत बसतो, जिथे दिवसभर माणसांचा वावर असतो. शिवाय अशी सफाई कधीच पूर्ण होत नाही, मागे सुटे तुकडे उरतात. जितके तुकडे अधिक तितकी शेताला लागून असलेली कड लांब, आणि तिथे लपायला झुडूप व खायला पीक मिळाल्याने रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचे फावते. म्हणून किती हेक्टर राखले याइतकेच ते कुठे आहेत हेही पाहावे लागते: दोन जंगलांना जोडणारी नाल्याकाठची सलग पट्टी आणि दहा ठिकाणी विखुरलेली तेवढीच जमीन यांचे मोल सारखे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी झुडपी जंगल ही वनजमीनच ठरवली आहे, हेही या मजकुराच्या लेखकाच्या गावी नसावे.

महामार्गाखालच्या वन्यजीव मार्गांवरील खर्च वाया गेला, असेही त्या मजकुरात म्हटले आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 खाली महाराष्ट्राच्या हद्दीत असे 9 मार्ग आहेत. कॅमेऱ्यांत वाघांसह अनेक प्राणी त्यांखालून जाताना टिपले गेले आहेत.

कुंपण हवे असेल तर ते शेताला हवे, तेही सौर. सौर कुंपणाचा झटका फक्त हुसकावतो; थेट वीजवाहिनीवरून प्रवाह सोडलेली तार मात्र वाघाइतकीच शेजाऱ्याचाही जीव घेते. आणि ओलितासाठी दिवसा वीज मिळाली, तर अंधारात शेतावर जाण्याची वेळ बऱ्याच अंशी टळेल. त्या मागणीबद्दल एवढ्या लांब मजकुरात एक ओळही नाही.