उणे तीन मिलिमीटरचा मार्ग

प्रबंधातलं संशोधन संपलं, आता फक्त 'फॉरमॅटिंग' राहिलंय, असं म्हणताय? मग अभिनंदन, तुमची खरी पीएचडी आता सुरू होते. चौथ्या प्रकरणातली सिद्धता तपासायला कुणाला वेळ नसतो; पण आकृती आणि तिच्याखालच्या कॅप्शनमध्ये भगदाड पडलंय, हे सरांना पानं नुसती चाळतानाही दिसतं. तेव्हा ते भगदाड कसं बुजवायचं, हे नीट समजून घ्या.

आधी लाटेकवरचा, म्हणजे प्रबंधाची पानं मांडणाऱ्या सॉफ्टवेअरवरचा, विश्वास काढून टाका. डोनाल्ड क्नूथ यांचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर टेक 1978 सालचं, त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात लाटेक उभं केलं. म्हणजे तुमचा जन्म व्हायच्या आधीच मजकूर आणि चित्रात किती अंतर हवं ते ठरलेलं होतं. अक्षर दहा पॉइंटचं असेल, तर मजकुराच्या मधोमध बसलेल्या आकृतीच्या वर-खाली 12 पॉइंट (पॉइंट म्हणजे छपाईतलं मोजमाप). अडचण झालीच तर 2 वाढवा, 2 घटवा. आकृती पानाच्या माथ्याला किंवा तळाला गेली तर 20 पॉइंट, वाढ 2, घट 4. लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी ही 'जरा सरकून घ्या' व्यवस्था आहे, आणि पानभर सगळे थोडेथोडे सरकले की पान बसतं. पण तुम्ही कशाला कुणाला सरकायला सांगताय? सरळ ढकला. आकृती संपली की 'व्हीस्पेस' ही उभी जागा सोडणारी आज्ञा लिहा आणि कंसात उणे तीन मिलिमीटर. पुढच्या आकृतीला उणे पाच. त्या पुढच्या आकृतीची कॅप्शन खालच्या ओळीवर चढली, तर अधिक दोन. हे सगळे आकडे फाइलच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये (प्रीॲम्बलमध्ये) एकाच ठिकाणी बदलता येतात, अशी अफवा आहे. दुर्लक्ष करा. एका जागी बदललं तर रात्रभर करणार काय?

आकृती मध्यावर आणायची तर 'सेंटर' हे एन्व्हायर्नमेंटच वापरा. 'सेंटरिंग' ही साधी आज्ञा जास्तीची जागा मुळीच सोडत नाही, म्हणजे मजाच गेली. सेंटर मात्र वर आणि खाली स्वतःचं अंतर घालतं, शिवाय फ्लोटचं, म्हणजे पानावर जागा शोधत सरकणाऱ्या आकृतीचं, अंतर आहेच. मग ते कापायला उणे व्हीस्पेस. असं एकातून एक काम निघत राहिलं पाहिजे.

तक्त्यांची गंमत याहून मोठी. कॅप्शन आकृतीच्या खाली येणार, असं लाटेकच्या नेहमीच्या साच्यांनी गृहीत धरलंय. म्हणून कॅप्शनच्या वर 10 पॉइंट आणि खाली शून्य. विद्यापीठाचा नियम म्हणतो, तक्त्याचं कॅप्शन वर हवं. तुम्ही ते वर नेता आणि ते तक्त्याच्या पहिल्या रेघेला जाऊन चिकटतं. 'कॅप्शन' नावाचं पॅकेज एका ओळीत हे निस्तरतं. पण तुम्ही कॅप्शनच्या शेवटी दोन उलट्या तिरक्या रेघा मारून एक रिकामी ओळ घाला. तक्त्यांच्या यादीत ती काय गोंधळ घालते, ते यादी छापून आल्यावर पाहू.

चौकटींबद्दल थोडक्यात. मजकुराच्या पूर्ण रुंदीची मिनीपेज (पानातलं छोटं पान) 'एफबॉक्स' या चौकटीत घाला आणि 'ओव्हरफुल', म्हणजे ओळ बाहेर गेली, म्हणून 6.8 पॉइंटचा इशारा आला की टेम्प्लेट लिहिणाऱ्याला शिव्या द्या. दोन्ही बाजूंना प्रत्येकी आतलं अंतर 3 पॉइंट, रेघ 0.4 पॉइंट, बेरीज बरोबर 6.8, पण संशोधकाने बेरजा करायच्या नसतात.

आता एक गुपित. पुष्कळदा ती जागा लाटेकची नसतेच. आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमने चित्राच्या चारही बाजूंना पांढरी पट्टी सोडलेली असते, आणि ती फाइलच्या आतच असते. चित्राभोवती एफबॉक्स घालून पाहिलं तर लगेच कळेल, म्हणूनच घालू नका. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: चित्र तसंच ठेवून कॅप्शन वर ओढत राहा. पुढे कुणीतरी चित्र कापून नीट करेल आणि कॅप्शन थेट आलेखाच्या अक्षावर बसेल. तेव्हा तो दोष त्याचा.

आकृती 'इथेच' हवी म्हणून जागा सुचवणारं अक्षर, छोटा एच, दिला आणि ती तरी पुढच्या पानावर गेली? मोठा एच द्या. आता ती इथेच बसेल. आणि बसत नसेल तर अर्धं पान कोरं सोडून पुढच्या पानाच्या सुरुवातीला बसेल. पुस्तकाच्या साच्यात पानांचे तळ एका रेषेत आणायचा हट्ट असतो, म्हणून मागे उरलेले परिच्छेद एकमेकांपासून रुसल्यासारखे लांब जातात. 'रॅगेडबॉटम' या एका शब्दाने समेट होतो, पण तुम्ही प्रत्येक परिच्छेदामागे उणे व्हीस्पेस घाला.

परिषदेला निबंध पाठवायचा असेल तर कौशल्याची कसोटी. मर्यादा आठ पानांची, मजकूर आठ पानं चार ओळी. एखादं रटाळ वाक्य उडवणं हा भ्याडपणा झाला. सगळ्या आकृत्यांभोवतीची हवा काढून घ्या. एएएआयसारख्या (कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या) परिषदा लेखकांसाठीच्या सूचनांत उणे व्हीस्पेसला चक्क मनाई करतात, पण सूचना सबमिशननंतर वाचायच्या असतात.

आणि हे सगळं लवकर करा, अगदी पहिल्या मसुद्यापासून. मग सर दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य वाढवायला सांगतील, प्रत्येक आकृती एकेक पान पुढे सरकेल, आणि पानाच्या तळाशी शोभणारे उणे पाच मिलिमीटर पानाच्या मधोमध येऊन ओळींवर ओळी चढवतील. ते आकडे खोडू नका. त्यांच्या शेजारी नवे अधिक पाच लिहा.

शेवटी ती फाइल लॅबमधल्या ज्युनियरला 'टेम्प्लेट' म्हणून द्या. कुठली ओळ कशासाठी आहे असं त्याने विचारलंच, तर विद्यापीठाचा नियम आहे म्हणून सांगा.