ब्रॅडलॉ ढोंगी होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश खासदार चार्ल्स ब्रॅडलॉ स्वतःला नास्तिक म्हणवायचा, पण खासदारकी हातची जातेय म्हटल्यावर बायबलवर हात ठेवायला तयार झाला, अशा माणसाला मी माझ्या लेखात उगाच डोक्यावर घेतलं.

जरा क्रम पाहा. १८८० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनमधून निवडून आल्यावर त्याने शपथ मागितलीच नव्हती. देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करू द्या, एवढंच म्हणणं. संसदेच्या समितीने ते फेटाळलं, तेव्हा तो शपथेला तयार झाला. पण त्यातले काही शब्द माझ्या लेखी निरर्थक आहेत, तरी बांधिलकी पाळीन, असं जाहीर पत्रही लिहून बसला. ढोंगी माणूस असं आधी सांगून ठेवतो होय? श्रद्धा नसलेले बाकीचे मेंबर तीच शपथ पुटपुटून केव्हाच बाकावर जाऊन बसले होते.

जूनमध्ये त्याला संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कोंडलं. ३ ऑगस्ट १८८१ ला तो पुन्हा आत शिरू लागला, तर पोलिसांनी आणि सभागृहाच्या नोकरांनी धरून जिन्यावरून खाली ओढलं. गडी जुना घोडदळातला, आडदांड, हलता हलेना. झटापटीत कोट फाटला. नॉर्दॅम्प्टनकर मात्र हट्टी. तीन पोटनिवडणुकांत त्यांनी त्यालाच निवडून दिलं. १८८२ मध्ये खिशातून पुस्तक काढून त्याने स्वतःच शपथ उरकली, ते मात्र निव्वळ नाटक होतं. तिथे तुमच्याशी सहमत.

‘१८८६ मध्ये शेवटी घेतलीच ना शपथ?’ घेतली. पण १८८८ मध्ये त्यानेच आणलेला कायदा मंजूर झाला आणि संसदेत काय, कोर्टात काय, ज्याला शपथ नको त्याला प्रतिज्ञेची मोकळीक मिळाली. बाहेर उभं राहून हे कसं जमलं असतं?

‘आपला काय संबंध?’ अहो, मोठ्या दुखण्यातून उठून हा माणूस १८८९ च्या डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता. ३० जानेवारी १८९१ ला तो गेला, तेव्हा अंत्यविधीला लंडनमध्ये शिकणारे गांधीही हजर होते. त्याला बाहेर ठेवणारा १८८० चा ठराव सभागृहाने नोंदीतून काढून टाकला, तो त्याच्या मृत्यूच्या जेमतेम तीन दिवस आधी.

आठ तासांच्या कामाच्या कायद्याला त्याचा विरोध होता आणि मी तो गाळला, हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. आवडत्या माणसावर लिहिताना हात असा आखडतो. तो परिच्छेद आज रात्री लेखात घालतो.