‘ह’नंतरची माणसं

आमच्या पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा परवा झाली. अहवाल ऐकायला कोणी जात नाही. भेटवस्तू म्हणून स्टीलचा डबा असतो, त्यासाठी जातात. डबे वाटायला आडनावांप्रमाणे टेबलं मांडली होती. माझं आडनाव क्षीरसागर.

मी सरळ शेवटच्या टेबलाकडे गेलो. पाटीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘श ते ज्ञ’. ती लिहिणाऱ्या बाईच तिथे बसल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, चष्म्याला दोरी, हातात लाकडी फूटपट्टी. ती यादीतल्या ओळींखाली सरकवायला होती म्हणे, पण रांगेतला कोणीही आवाज चढवत नव्हता.

“क्षीरसागर,” मी म्हणालो.

“या. बरोबर ठिकाणी आलात. मघापासून लोक वाट्टेल तिथे उभे राहताहेत.” पट्टी घसरत घसरत शेवटच्या पानावर आली. होनराव. त्याखाली कोरा कागद. “तुम्ही नाही आहात.”

“बाई, मी आहे.”

“आहात हो, यादीत नाही आहात. क्ष कुठे येतो, सांगा.”

आता या वयात उत्तर द्यायचं की नाही? पण पट्टी हातात होती. “ह, ळ, क्ष, ज्ञ.”

“शाब्बास!” बाईंना मनापासून आनंद झाला. “मग ह नंतर कोणी नाही, याचा अर्थ काय?”

“यादी चुकली.”

“किंवा क्ष आडनावाचे सभासद संस्थेत नाहीत.”

“बाई, मी समोर उभा आहे.”

“ते दिसतंय मला. डबा मात्र यादीप्रमाणे.”

एवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक पोरगा आला. यादी काढून देणाऱ्या कंपनीचा. “काका, तुम्ही पहिल्या टेबलावर. अ ते क.”

“क?” बाई उठूनच उभ्या राहिल्या. “क्ष क मध्ये? कोणत्या शाळेत होतास रे?”

“मॅडम, सिस्टीमने लावलंय. सिस्टीम चुकत नाही.”

या वाक्याने माझं डोकं फिरलं, ते अजून जाग्यावर आलेलं नाही. सिस्टीमला काय, वर्णमाला पाठ होती? युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो आणि तिने क्रमांक बघून नावं रचली. तिच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), ष. हलन्ताचा क्रमांक सगळ्या मात्रांच्या नंतरचा. म्हणून कंक, कदम, काळे, कुलकर्णी, कौलगुड हे सगळे आत गेल्यावर खरे आडनावाच्या आधी दाराशी उभे क्षीरसागर. ळचे हालही तसेच. ल ०९३२, ळ ०९३३, व ०९३५, म्हणून माळी माहूरकरांच्या आधी. हे क्रमांक इस्की नावाच्या भारतीय मानकावरून घेतले. पण मराठी सोडा, गुजराती, कन्नड, तेलुगू मुलंही ळ ह नंतरच म्हणतात. मग ल शेजारची ही खोली कुणाच्या सोयीची?

त्याहून गंमत वकिलांची. संस्थेत दोन वकील, दोघांनाही आडनावाआधी बिरुद हवंच. एकाचं नाव टंकणाऱ्याने अ वर चंद्र देऊन ‘अॅड.’ लिहिलं, ते अहिरेंच्या पाठोपाठ पहिल्या यादीत. दुसऱ्याच्या नावाला २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेला अखंड ॲ मिळाला. त्याचा क्रमांक ०९७२, म्हणजे आकड्यांच्याही नंतर. ते शेवटच्या गठ्ठ्याखाली सुट्या पानावर एकटेच होते आणि ते पान चहाच्या ट्रेखाली सापडलं. कागदावर दोन्ही ॲ हुबेहूब सारखे. वकीलसाहेब आता नोटीस देणार आहेत. कुणाला, ते ठरायचंय.

आणि असं नाही की जगात हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. डेन्मार्कमधलं ऑर्हूस शहर २०११ पासून पुन्हा दोन ‘ए’ लावून नाव लिहितं. तरी डॅनिश यादीत ते झेडच्याही मागे असतं, कारण त्यांच्या लेखी ते दोन ‘ए’ म्हणजे शेवटचं अक्षर. स्पॅनिश अकादम्यांनी तर १९९४ मध्ये बैठक घेऊन ‘सीएच’चं वेगळं घर मोडलं आणि ते सी मध्ये घातलं. भांडले असतील, पण माणसं भांडली. आमच्याकडे पोरगा म्हणतो, सिस्टीम.

मराठीचा क्रम यंत्राला माहीतच नसता, तर मी गप्प बसलो असतो. पण युनिकोडवाले स्वतःच सांगतात की क्रमांकावरून नावं लावू नका. भाषाभाषांचे नियम साठवणाऱ्या त्यांच्या सीएलडीआर नावाच्या फुकट भांडारात मराठीसाठी स्वतंत्र नियम आहेत, ळला उचलून ह नंतर बसवणारे. कोलेशनला, म्हणजे नावं क्रमाने लावणाऱ्या सोयीला, ‘मराठी’ एवढं सांगायचं. एका ओळीचं काम! मी हे पोराला सांगितलं. तो म्हणाला, “काका, ती रिक्वायरमेंट नव्हती.” महाराष्ट्रातली पतसंस्था, मराठी यादी, मराठी सभासद, आणि मराठी क्रम ही रिक्वायरमेंट नव्हती. याचे पैसे आमच्याच ठेवींतून जातात.

मी पहिल्या टेबलावर गेलो. तिथल्या गृहस्थांनी यादी न उघडताच, “क्ष? तो बाईंकडे,” म्हणून परत पाठवलं. बाई आता पोराकडून बाराखडी म्हणवून घेत होत्या, आणि मागची रांग त्याला हळूच उत्तरं पुरवत होती.

शेवटी अध्यक्ष आले. “भांडू नका. अक्षरं राहू द्या, सभासद क्रमांकाने लावा. आकड्यात वाद नाही.”

पोराने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला. यादी आली: १, १०, १००, १०००, १००१...

“दोन कुठाय?” अध्यक्षांनी विचारलं. ते संस्थापक सभासद, क्रमांक २.

“आहे ना सर. एकोणीसशे नव्याण्णवच्या खाली. नंबर टेक्स्ट म्हणून सेव्ह झालेत.”

बाईंनी पट्टीने रांगेचं शेपूट दाखवलं. “जा, अध्यक्षसाहेब. यादीप्रमाणे.”